तुमचे कान, अण्णा

अण्णा, सुमाचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होते. तुमची लेक माझ्याशी एरवी इंग्रजीत बोलते, त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाली, "ऑन्टी, अप्पा गेले." पुढचं तिला मराठीत सांगता येईना. मग कन्नडमध्ये म्हणाली की जेवून आडवे झाले, चहाला उठवायला आई गेली तर उठले नाहीत. मी "येते" म्हटलं आणि फोन हातात धरून तशीच उभी राहिले. समोर तपासायचे नमुने मांडलेले होते. त्यातला एक उचलून मी नेहमीसारखी खोट शोधायला लागले. माझं कामच ते. तुम्ही म्हणायचात, "ही तंगी देवाच्या मूर्तीतसुद्धा टवका शोधेल."

तंगी. तुम्ही पहिल्यांदा ही हाक मारलीत तेव्हा मला वाटलं होतं तुमच्या वर्कशॉपात काहीतरी कमी पडतंय. "कशाची तंगी?" असं मी विचारलं आणि तुम्ही इतके हसलात की हातातली तांब्याची तार तुटली. "अय्यो, कशाची नाही ग. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. तू नाशिकची, तुला कसं कळणार?" त्या दिवसापासून मी तुम्हांला अण्णा म्हणायला लागले. हा शब्द दोन्हीकडे चालतो, त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

आपली ओळख झाली ती जळलेल्या मोटरींमुळे. मैसूरच्या मेटगळ्ळीत आमच्या कारखान्यातली मोटर जळली की ती तुमच्या वर्कशॉपात यायची आणि तुम्ही आतलं जुनं तांबं काढून नवं गुंडाळून द्यायचात. माझ्या गिटारचा एक पिकअप मुका झाला होता. तारांखाली बसवलेला तो चुंबकाचा ठोकळा तारेची थरथर पकडून अँपकडे पाठवतो, आणि त्याच्याही पोटात केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. गिटारच्या दुकानात म्हणाले, फेकून द्या, नवा घाला. माझ्या मनात आलं, मोटर गुंडाळणारा माणूस हे का नाही करणार? म्हणून जेवणाच्या सुट्टीत पिकअप रुमालात बांधून तुमच्याकडे आले. तुम्ही तो तळहातावर घेतलात, उलटा केलात, नखानं कडेचं मेण खरवडलंत.

"हीपण मोटरच, अल्वा? हो ना? फक्त फिरत नाही," म्हणालात. आणि मग, माझ्याकडे न बघता, "कुठली गिटार आहे? तारा कोणत्या घालता?"

मी चकित झाले. मोटरवाल्यानं हा प्रश्न विचारावा? तेव्हा कळलं की तुम्ही तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचात, गणपतीच्या मंडपांतून, लग्नांतून, मैसूरपासून चामराजनगरपर्यंत. "आमचे पणजोबा महाराजांच्या फौजेत घोड्यावर होते," असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "आजोबा पायी, वडील सायकलवर आणि मी मोटरीवर. घराणं उतरतच आलंय." त्या पिकअपला तुम्ही चार दिवस लावलेत. परत बसवला आणि पहिली तार छेडली तेव्हा मला वाटलं, ही माझी गिटार नाहीच. ही कुणातरी मोठ्या माणसाची गिटार आहे आणि त्यानं ती थोडा वेळ मला वाजवायला दिली आहे.

मी त्याला टोन म्हणायचे. तुम्ही दनी म्हणायचात, माणसाच्या आवाजाला कन्नडमध्ये म्हणतात तसं. "हिची दनी बसलीय," म्हणायचात, जशी काही गिटारला सर्दी झाली आहे.

मग रविवार सुरू झाले. बन्नीमंटपाजवळच्या तुमच्या घरी, पुढच्या खोलीत. मी, माझा मित्र निखिल आणि त्याच्या ऑफिसातले समीर वगैरे दोघं-तिघं, सगळे महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेले, गिटारचं वेड घेऊन. सकाळी नऊला वहिनी पहिली कॉफी आणायच्या, बाराला दुसरी, आणि मध्ये तीन तास आपण भांडायचो. मी दर महिन्याला तारा बदलणारी. मला नव्या तारांचा लखलखीत आवाज हवा असायचा. तुम्ही तार तुटेपर्यंत बदलायची नाही या मताचे. वाजवून झालं की जुन्या पंच्याच्या तुकड्यानं एकेक तार पुसायचात, लहान मुलाचे कान पुसावेत तशी.

"नवी तार नुसती बडबडते ग," तुम्ही म्हणायचात. "तिला अजून काही ठाऊक नाही. स्वल्प मळू दे, मग बोलेल."

"गंज म्हणजे अनुभव नव्हे, अण्णा," मी म्हणायचे.

"तुमच्या कारखान्यात नसेल."

निखिल हसून लोळायचा. जाड तारा की बारीक, यावर तर आपण दोन वर्षं घालवली. तुम्ही जाड तारांचे. माझी बोटं दुखायची, आणि तुम्ही ती बघून वहिनींना हाक मारायचात, "हिला खोबरेल दे ग." भांडण जिंकल्यासारखं ते खोबरेल असायचं.

एकदा आपण दोघं बसनं एच. डी. कोट्याला गेलो होतो, आठवतं? तिथं कुणा निवृत्त मास्तरांच्या घरात भिंतीला एक जुनी इलेक्ट्रिक गिटार टांगलेली आहे, असं तुम्हांला मोटर दुरुस्तीला आलेल्या एका माणसानं सांगितलं होतं. एवढ्यावर तुम्ही शनिवारची सुट्टी काढलीत, आणि मलाही काढायला लावलीत. बसमध्ये मी आधी खिडकीशी बसले होते, तुम्ही मला उठवून स्वतः तिथं बसलात. मला राग आला. मला वाटलं, म्हाताऱ्याला खिडकी हवी. तुम्हांला मी तुमच्या उजव्या हाताला हवी होते, हे कळायला मला किती वर्षं लागली.

मास्तरांची गिटार धुळीनं माखलेली होती, तारा तांबूस पडलेल्या. मास्तर म्हणाले, तीस वर्षांत हात लावला नाही. तुम्ही ओसरीवरच मांडी घालून ती उघडलीत. आत कॉईलचं एक टोक सुटलं होतं, एवढंच. पिशवीतून आणलेल्या सोल्डरिंग आयर्ननं त्याला डाग दिलात, छोटा अँप जोडलात, आणि त्या गंजक्या तारांवरच एक जुनी चाल वाजवलीत. आतून मास्तरीणबाई आल्या. हात पिठाचे होते. दाराच्या चौकटीला टेकून त्या ऐकत राहिल्या. तुम्ही थांबलात तर म्हणाल्या, "अजून." मास्तर दुसरीकडे तोंड करून चष्मा पुसत होते.

मी माझ्या पिशवीतून नव्या तारांचा सेट काढला होता, घालून द्यावा म्हणून. तुम्ही माझा हात धरून तो परत पिशवीत ठेवायला लावलात. परतीच्या बसमध्ये म्हणालात, "नव्या घातल्या असत्या तर ती बाई बाहेर आली नसती." मी मैसूर येईपर्यंत भांडले, की त्यांनी गाणं ओळखलं, तारा नव्हेत. तुम्ही फक्त "साकु ग, पुरे" म्हणत होता. अण्णा, त्या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही. आजही मला वाटतं की माझंच बरोबर होतं. पण हे आता कुणाला सांगू?

आता तुमच्याशी जे बोलायचं आहे ते बोलते. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत राहिले.

शेवटच्या दीड-दोन वर्षांत तुमच्या हातचे पिकअप बदलले. आमच्या सगळ्यांच्या गिटारींना तुम्ही नवे पिकअप करून दिले होते, हौसेनं, एकेक करून. पहिले दोन-तीन सुरेख होते. मग आवाज कडक व्हायला लागला. वरच्या तारा कानात सुईसारख्या शिरायच्या. तुम्ही तांब्याचे वेढे कमी करत चालला होता, आणि अँपवरचा ट्रेबलचा नॉब पुढे सरकवत होता. "मंद आहे ग अजून. उघडत नाही," म्हणायचात. आम्ही एकमेकांकडे बघायचो. निखिल घरी जाऊन नॉब मागे फिरवायचा, आणि पुढच्या रविवारी तुम्हांला म्हणायचा, "फर्स्ट क्लास, अण्णा." सगळेच म्हणायचे. मी गप्प बसायचे. मला वाटायचं, गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

तो रविवार दसऱ्याच्या आधीचा. मैदानावर मशालींच्या संचलनाची तालीम चालू होती आणि रस्ता घोड्यांनी अडवला होता, म्हणून मी उशिरा आणि चिडून आले. आदल्या आठवड्यात तुम्ही माझ्या गिटारला नवा पिकअप बसवला होता. तुम्ही म्हणालात, "वाजव, सगळ्यांना ऐकू दे." मी वाजवलं. निखिलच्या मित्रानं नकळत कानावर हात नेला. तुम्ही म्हणालात, "बघ, आता कशी उघडली. तुझी दनी आता खरी आली."

आणि मी म्हणाले, "अण्णा, तुमचे कान गेलेत. हे सगळ्यांना टोचतंय. सगळे तुमच्याशी खोटं बोलतात."

अगदी याच शब्दांत. माझ्या कामावर मी जसा शेरा लिहिते तसा.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे बघितलंत. निखिल खाली बघत होता. मग तुम्ही उठलात, अँप बंद केलात, केबल नेहमीसारखी गोल गुंडाळून खिळ्याला अडकवलीत आणि आत वळून म्हणालात, "कॉफी झाली का ग?" आम्ही कॉफी प्यालो. तुम्ही गॅसच्या भावाबद्दल बोललात. पुढच्या रविवारी निखिलला तुमचा निरोप आला की घरी पाहुणे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारीही पाहुणेच होते. मग कुणी विचारलं नाही.

मी आले नाही, अण्णा. पहिल्यांदा वाटलं, खरंच तर बोलले. मग वाटलं, राग जाऊ दे. मग कामं होती, आणि ती खरोखरच होती, पण तुमच्या घरी यायला मला वीस मिनिटं लागतात. आणखी एक सांगते, जे तुम्हांला कुणी सांगितलं नसेल. त्या आठवड्यात मी तुमचा तो पिकअप काढला आणि विकतचा बसवला. तुमचा कपाटात आहे.

पाडव्याच्या, म्हणजे तुमच्या उगादीच्या, आदल्या दिवशी तुम्ही मला बाजारात दिसलात. वहिनी आंब्याची पानं घेत होत्या, तुम्ही त्यांच्या मागे पिशवी धरून उभे. मी तुमच्या डावीकडून, पाच-सहा पावलांवरून हाक मारली. "अण्णा." तुम्ही वळला नाहीत. पुन्हा मारली, मोठ्यानं. फुलवाली वळली. तुम्ही नाही. तुम्ही समोर बघत तसेच उभे राहिलात, आणि मला वाटलं, बरं, म्हणजे हे असं आहे तर. मी मागे फिरले. त्या संध्याकाळी मी घरी माझ्या नवऱ्याला सांगितलं की अण्णांनी मला तोडलं. पुढे होऊन तुमच्या दंडाला नुसता हात लावला असता तरी पुरलं असतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या फाटकाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, निखिलनं मला सगळं सांगितलं. मी तुम्हांला तसं बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही सुमाला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेला होता. डावा कान कधीच गेलेला होता, चाळीस वर्षं मशिनींच्या आवाजात काढल्यावर जातो तसा. उजव्यातलं वरचं, बारीक ऐकू येणं संपलेलं होतं. कानाला मशीन लावा, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही सहा महिने नको म्हणालात आणि उगादीनंतर लावलंत. आणि लावल्यावर पहिली गोष्ट काय केलीत, तर सगळ्यांना निरोप पाठवलेत, "मी तुम्हांला वाईट वस्तू दिली आहे, आणून द्या."

"एकेकाचा पिकअप पुन्हा गुंडाळला त्यांनी," निखिल म्हणाला. "माझा, समीरचा, सगळ्यांचे. मी म्हटलं, अण्णा, राहू द्या. तर म्हणाले, माझ्या हातची टोचणारी वस्तू कुणाच्या घरात नको."

"मला निरोप नाही आला," मी म्हटलं.

"तुला सांगू नको म्हणाले होते. म्हणाले, सगळ्यांचं आधी नीट करतो, तिच्याकडे शेवटी जाईन. तिच्याकडे वेळ लागेल, सुम्ने, नुसतं दारातून परत येता येणार नाही."

मी आत आले, पण तुमच्याजवळ येण्याचं धैर्य झालं नाही. दाराशीच उभी राहिले. तुमच्या कानात ते मशीन नव्हतं. कुणीतरी काढून ठेवलं असणार. मला एवढंच दिसत होतं, की आता मी कुठल्याही बाजूनं हाक मारली तरी सारखंच.

काल अकरावा झाला. जेवणं उरकल्यावर, पाहुणे पांगल्यावर, सुमानं मला पुढच्या खोलीत बोलावलं. तुमची गिटार तिनं अँपला जोडून ठेवली होती. निखिल तेव्हा निघून गेला होता, आम्ही तिघीच होतो. वहिनी भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. अकरा दिवसांत त्या कुणासमोर रडल्या नाहीत, असं सुमा म्हणाली होती.

"अप्पांनी शेवटी हा स्वतःचा पिकअप केला," सुमा म्हणाली. "जायच्या महिनाभर आधी. आम्हांला काही कळत नाही ऑन्टी, तुम्ही वाजवून बघा. नीट झालंय ना?"

मी गिटार मांडीवर घेतली. तारा जुन्याच होत्या, जाड, काळसर पडलेल्या. खालच्या तारा छेडल्या. अण्णा, काय सांगू, ती तुमची पहिल्या दिवसांतली दनी होती, भरलेली, शांत. मग वरच्या तारांवर आले, आणि तिथं अजून ते होतं. पूर्वीइतकं नाही. अगदी थोडं. जिला ठाऊक आहे तिलाच कळावं एवढं. त्या मशीननं तुम्हांला जितकं ऐकू दिलं तितकं तुम्ही बरोबर केलं होतंत. बाकीचं तुमच्या कानांच्या पलीकडे राहिलं होतं.

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"छान झालंय," मी म्हणाले. "अगदी नीट."

सुमानं डोळे पुसले आणि आईचा हात धरला. वहिनींनी मान हलवली नाही. तुमच्या बायकोला गिटारमधलं काही कळतं असं मला इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं. कॉफी ठेवून त्या आत जायच्या. त्या म्हणाल्या, "असं काय करतेस ग? खरं सांग. ते म्हणत होते, नीट नाही झालं."

मी वरच्या तारांवर तळहात टेकवला.

"मला सांगायचे, वर कुठंतरी टोचतंय की नाही, मला कळतच नाही ग. मशीन खरं सांगत नाही. बाकी सगळे चांगलं म्हणतात. रविवारी गिटार घेऊन तंगीकडे जातो, ती सांगेल." वहिनींनी गिटारकडे बघितलं. "दोन रविवार शर्ट घालून बसले. म्हणाले, घरी नसली तर? मी म्हटलं, फोन करा. तर म्हणाले, फोनवर मला तिचं बोलणं कळणार नाही, काहीतरी भलतंच ऐकू यायचं. पुढच्या रविवारी जातो."

मी गिटार खाली ठेवली. म्हटलं, "टोचतंय वहिनी. वरच्या दोन तारांना. थोडंसंच."

"हां," त्या म्हणाल्या. "तेच म्हणत होते." आणि मग त्यांनी पदर तोंडाशी नेला, आणि सुमा त्यांच्याजवळ सरकली.

यायचं होतंत, अण्णा. दोन्ही रविवारी मी घरीच होते.